लाइटवाल्यांनी बस का चालवावी? उत्तर १८८८ च्या रिचमंडमध्ये

मध्यंतरी भाची आमच्याकडे दादरला राहायला आली होती. एका संध्याकाळी वर येताना तिने जिन्याखालच्या पेटीतून लाइट बिल आणलं आणि ते उलटसुलट करून बघत म्हणाली, "मामा, हे बसवाल्यांचं बिल आपल्याकडे कशाला आलंय?" ती पुण्याची. तिच्याकडे वीज महावितरणची आणि बस पीएमपीची, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. इथे मात्र नाक्यावर थांबते ती बसही बेस्टची आणि पंखा फिरतो ती वीजही बेस्टचीच. बेस्टच्या तोट्याची बातमी आली की हा प्रश्न पुन्हा डोकं वर काढतो. विजेचा धंदा करणाऱ्यांना बस चालवायला सांगितलं कुणी?

"पूर्वी ट्राम होती म्हणून" एवढं उत्तर मी तेव्हा दिलं. ते बरोबर आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही. ट्रामवाल्यांनी तरी घरोघर वीज का विकली? याचं मूळ मुंबईत सापडत नाही. त्यासाठी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड नावाच्या एका डोंगराळ गावात जावं लागतं. १८९० च्या सुमारास या गावाची वस्ती ८० हजारांच्या आसपास होती, म्हणजे आजच्या पंढरपूरपेक्षाही कमी. पण विजेची ट्राम पैसे कमावत चालू शकते, हे जगाला पटलं ते इथल्या 'रिचमंड युनियन पॅसेंजर रेल्वे' या कंपनीमुळे.

आधी घोडे होते

ट्राम म्हणजे रस्त्यात बसवलेल्या रुळांवरून चालणारी गाडी. विजेच्या आधी ती घोडे किंवा खेचरं ओढायची. रुळावर चाक सहज घरंगळतं, त्यामुळे खडबडीत रस्त्यापेक्षा तेच जनावर रुळावर कितीतरी जास्त माणसं ओढू शकतं. मुंबईत ९ मे १८७४ ला सुरू झालेली ट्राम अशीच होती, आणि तिच्या तबेल्यात ९०० च्या घरात घोडे होते असं सांगतात. नाशिकलाही स्टेशन ते गाव अशी घोड्यांची ट्राम होती.

आता या धंद्याचा हिशेब मालकाच्या बाजूने मांडून बघा. घोडा दिवसाला चार-पाच तासच काम करतो, चारा मात्र चोवीस तासांचा लागतो. गाडी दिवसभर चालवायची तर एका गाडीमागे घोड्यांच्या कितीतरी जोड्या पोसायच्या. शिवाय तबेला, नालबंद, वैद्य आणि शेणाचे ढीग. चढ आला की जोडीला आणखी जनावरं जुंपायची. आणि साथ आली तर सगळंच बंद. १८७२ च्या शरद ऋतूत कॅनडातून अमेरिकेत घोड्यांच्या तापाची साथ उतरली आणि शहरंच्या शहरं जागच्या जागी थांबली. त्या नोव्हेंबरात बॉस्टनला मोठी आग लागली, तेव्हा बंब ओढायला धड घोडे नव्हते. माणसांनी बंब ओढत नेले.

यावर एक उपाय निघाला होता, केबलचा. सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ पासून रस्त्याखालून सतत फिरणारा दोर आणि त्याला चिमटा लावून ओढली जाणारी गाडी सुरू झाली. चढावर ती उत्तम चालायची, पण सगळा रस्ता उकरून खाली नळी बांधायची तर खर्च प्रचंड. रिचमंडसारख्या गावाला तो झेपणारा नव्हता. सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, बंडखोर दक्षिणेची ही राजधानी होती आणि १८६५ मध्ये तिचा मधला भाग जळून गेला होता. तिथून सावरत असलेलं हे गाव, टेकड्यांवर वसलेलं, खाली लाल चिकणमाती.

मोटर तर होती, मग अडलं कुठे?

विजेची मोटर तेव्हा नवी नव्हती. अडचण होती ती रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत बसवायची. तुमच्या मिक्सरची मोटर आठवा. ट्रामची मोटर याच घराण्यातली. तिचा गुण असा की जागचं हलताना ती सगळ्यात जास्त जोर लावते. भरलेली ट्राम चढावर थांबून पुन्हा निघायची तर नेमकं हेच हवं. पण त्या क्षणी ती वीजही बकाबका खाते, म्हणून सुरुवातीला मधे अडथळा घालून वीज थोडी-थोडी सोडावी लागते. जुन्या पंख्याचा तो डबड्याएवढा, हात लावला की चटका देणारा रेग्युलेटर आठवत असेल, तर मोटरमनच्या हातातला दांडा तेच काम करायचा.

मिक्सर बंद पडला की दुरुस्तीवाला म्हणतो, "कार्बन गेलेत." मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ते दोन छोटे काळे ठोकळे. त्यांना ब्रश म्हणतात. रिचमंडच्या सुरुवातीच्या दिवसांत हे कार्बनचे ठोकळे नव्हते, तांब्या-पितळेचे ब्रश होते. ते ठिणग्या उडवत, घासत, झिजत आणि पुन्हा पुन्हा बदलावे लागत. कार्बनचा ब्रश १८८८ मध्ये व्हॅन डेपोल या बेल्जियन कारागिराने आणला आणि ही कटकट मिटली. आपल्या मिक्सरात तो आजही आहे.

दुसरी अडचण धक्क्यांची. मोटर गाडीच्या तळाला घट्ट बसवली, तर गाडी स्प्रिंगवर उसळली की मोटरचे दाते चाकाच्या दात्यांतून सुटतात आणि तुटतात. मोटर चाकाच्या आसावरच बसवली, तर रुळाचा प्रत्येक धक्का थेट मोटरला. यावरची तोड बांधकामावरच्या एकचाकी हातगाडीसारखी आहे. त्या गाडीचं एक टोक चाकाच्या आसावर असतं, दुसरं माणसाच्या हातात. मोटरचं एक अंग आसावर टेकवायचं आणि दुसरं, तिचं 'नाक', गाडीच्या सांगाड्याला स्प्रिंगने टांगायचं. मग गाडी कितीही उसळो, मोटर आसाभोवतीच झुलते आणि दात्याला दाता लागलेला राहतो. ही जोडणी रिचमंडची ट्राम उभारणाऱ्या फ्रँक स्प्रेगची. आपल्या रेल्वेची मालगाड्या ओढणारी कित्येक इंजिनं आजही मोटर अशीच, नाक टांगून वाहतात.

वर वायर एकच. मग सर्किट पुरं कसं होतं?

लोकलचा प्रवासी कधी ना कधी हा प्रश्न विचारतोच. घरी प्लगला दोन तारा लागतात, एक नेणारी आणि एक आणणारी. ट्रामवर तर एकच दिसते.

जुन्या सायकलचा डायनॅमो ज्यांनी वापरलाय त्यांना हे लगेच कळेल. डायनॅमोतून दिव्याला एकच वायर जायची. परत यायला सायकलचा लोखंडी सांगाडाच असायचा. स्कूटरचा मेकॅनिक याला "बॉडी अर्थ" म्हणतो. ट्राममध्येही तसंच. पॉवर हाऊसमधून वीज वरच्या तारेने येते, छपरावरच्या दांड्यातून मोटरमध्ये उतरते, काम करते आणि चाकांतून रुळात जाऊन रुळांवाटे परत पॉवर हाऊसला पोचते. येणं वरून, जाणं खालून. रूळ म्हणजे इथे नुसती वाट नव्हे, सर्किटची दुसरी तार आहे. म्हणून तर रुळाच्या प्रत्येक सांध्यावर तांब्याची पट्टी जोडावी लागे, नाहीतर वीज सांध्यापाशी अडायची.

लगेच शंका येते. रस्त्यातल्या रुळाला पाय लागला तर शॉक बसत नसे? सहसा नाही. शॉक बसायला दोन ठिकाणच्या विजेच्या दाबात फरक लागतो. रूळ जमिनीतच पुरलेला, त्यामुळे रूळ आणि तुमचा पाय यांच्यात जवळजवळ फरकच नसतो. धोका वरच्या तारेचा, आणि ती हाताला लागणार नाही इतकी उंच. बर्लिनजवळ सीमेन्स कंपनीने १८८१ मध्ये ट्राम चालवली तेव्हा दोन्ही तारांचं काम दोन रुळांकडेच दिलं होतं. तिथे मात्र दोन्ही रुळांवर एकदम पाय ठेवणाऱ्याला, विशेषतः नाल ठोकलेल्या घोड्याला, चांगलाच झटका बसायचा.

वरच्या तारेतून वीज घ्यायच्याही नाना तऱ्हा झाल्या. आधी तारेच्या वरून धावणारा छोटा गाडा असायचा, गाडी त्याला दोरासारख्या तारेने मागे ओढत न्यायची. तो वरचेवर घसरून खाली यायचा, कधी थेट छपरावर. रिचमंडमध्ये छपरावरच्या दांड्याच्या टोकाला खोबणीचं चाक लावलं आणि स्प्रिंगच्या जोराने ते तारेला खालून दाबून धरलं. घसरलं तर कंडक्टर दोरीने ओढून पुन्हा तारेखाली बसवायचा.

वेडा करार

फ्रँक स्प्रेग हा अमेरिकन नौदलाच्या ॲनापोलिसच्या शाळेतून १८७८ मध्ये बाहेर पडलेला तरुण. १८८२ मध्ये लंडनला प्रदर्शनासाठी गेला असताना तिथल्या भुयारी रेल्वेतला कोळशाचा धूर त्याने पोटभर खाल्ला, आणि गाडी विजेवर चालवायचं खूळ डोक्यात घेतलं. वर्षभर एडिसनकडे नोकरी केली. एडिसनला दिव्यांत रस, याला मोटरीत. १८८४ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली.

मे १८८७ मध्ये त्याने रिचमंडच्या कंपनीशी केलेला करार आजच्या कुठल्याही ठेकेदाराला दाखवा, तो डोक्याला हात लावेल. सुमारे १२ मैलांचा मार्ग, ४० गाड्या, प्रत्येकीला दोन अशा ८० मोटरी, ३७५ अश्वशक्तीचं वाफेवरचं पॉवर हाऊस आणि सगळ्या तारा, हे सगळं ९० दिवसांत. एका वेळी ३० गाड्या चालल्या पाहिजेत. मोबदला १ लाख १० हजार डॉलर, तोही काम "समाधानकारक" झालं तरच. यातलं जवळजवळ काहीच तेव्हा तयार नव्हतं, कागदावर काही कच्ची चित्रं होती. रूळही पडलेले नव्हते, आणि पडले ते दुसऱ्याच्या हातून. हलके, वाकडेतिकडे, लाल मातीत रुतणारे, वळणं अंगणात गाडी फिरवल्यासारखी. करारात चढ शंभराला आठ होता, प्रत्यक्षात दहापर्यंत निघाला. म्हणजे शंभर फूट पुढे गेलं की दहा फूट वर. विजेची गाडी सोडाच, नुसत्या लोखंडी चाकाच्या पकडीवर कुठलीही गाडी एवढा चढ चढेल का, याचीच तज्ज्ञांना शंका होती.

त्यात स्प्रेगला टायफॉइड झाला. काम ऑस्कर क्रॉस्बी आणि डेना ग्रीन या त्याच्या दोन सहकाऱ्यांवर पडलं, एक लष्करी शाळेतला, दुसरा नौदलाच्या. अंथरुणातून उठून तो परत आला तेव्हा पैसे संपत आले होते आणि गाडी चढ चढेल याची खात्री अजून कुणालाच नव्हती.

चार 'उपकरणं'

मग एका रात्री त्याने ग्रीनला घेऊन गाडी चढावर घातली. हा किस्सा पुढे स्प्रेगनेच सांगून ठेवलाय. गाडी हळूहळू, धापा टाकत वर गेली. चाकं घसरली नाहीत. गावाच्या मध्यावर, सगळ्यात उंच जागी ती पोचली. मोटरी इतक्या तापल्या होत्या की जवळ जाववत नव्हतं. नवलाची गाडी बघायला लोक जमले, आणि नेमकं तेव्हाच गाडीने आचके दिले. मोटर आतून जळली होती, हे स्प्रेगच्या लगेच लक्षात आलं.

लोकांसमोर ते कबूल करायची सोय नव्हती. त्याने ग्रीनला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की सर्किटमध्ये किरकोळ बिघाड दिसतोय, जाऊन उपकरणं घेऊन ये. मग गाडीतले दिवे मंद केले आणि बाकावर आडवा झाला. वाट बघून बघून लोक पांगले. रस्ता सामसूम झाल्यावर ग्रीन उपकरणं घेऊन आला. चार दांडगी खेचरं. ज्यांना हाकलण्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, त्यांनीच त्या रात्री विजेची गाडी ओढून घरी नेली.

या फजितीतून दोन गोष्टी कळल्या. पकडीचा प्रश्न सुटला होता, लोखंडी चाक दहाचा चढ चढतं. पण मोटर आणि चाक यांच्यामध्ये एकच दात्याची जोडी पुरत नव्हती. गिअरच्या सायकलवाल्याला हे कळेल. चढावर गिअर हलका केला नाही तर मांड्या भरून येतात, तसं मोटरचं झालं होतं. मग मधे दात्यांची आणखी एक जोडी घातली, मोटरी पुन्हा बांधल्या, आणि २ फेब्रुवारी १८८८ पासून उतारूंसाठी रोजची ट्राम सुरू झाली. सुरुवातीला मोजक्याच गाड्या, पुढे काही महिन्यांत ४० च्या ४०. स्प्रेगला या कामात सुमारे ७५ हजार डॉलरची खोट आली.

पण पहिली ट्राम तर बर्लिनची होती ना?

हो. आणि रिचमंडच्या आधी अमेरिकेतही माँटगोमेरी, स्क्रँटन अशा गावांत विजेच्या गाड्या चालल्या होत्या. तिथे व्हॅन डेपोलच्या मोटरी होत्या. इंग्लंडात ब्लॅकपूलला १८८५ पासून ट्राम होती. "जगातली पहिली" हा किताब रिचमंडला देणाऱ्यांकडे मी थोडा संशयानेच बघतो. तिची करामत वेगळी होती. ४० गाड्या, खडे चढ, वाईट रूळ, पाऊस-बर्फ, आणि तरीही रोजचं वेळापत्रक. एक गाडी सरळ रस्त्यावर चालवून दाखवणं वेगळं आणि अख्खं गाव तिच्यावर कामाला जाणं वेगळं.

ते बघायलाच १८८८ च्या उन्हाळ्यात बॉस्टनचा हेन्री व्हिटनी आला. त्याच्या कंपनीकडे हजारो घोडे होते आणि त्यांच्या जागी केबल घालायचा त्याचा बेत होता. त्याच्याबरोबरच्या व्यवस्थापकाने मुद्द्याची शंका काढली. बॉस्टनमध्ये गाड्या एकामागे एक खोळंबतात. त्या सगळ्या एकदम सुटल्या तर वीज पुरेल का?

ही शंका समजायला सोसायटीतलं पाणी आठवा. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, हा टाकीच्या उंचीसारखा. सकाळी सात वाजता सगळ्यांनी नळ सोडले की पाइप तोच, टाकी तीच, पण प्रत्येकाच्या बादलीत करंगळीएवढी धार. ट्राम सुटताना सगळ्यात जास्त वीज ओढते, हे वर आलंच आहे.

स्प्रेगने एका रात्री, नेहमीची वाहतूक संपल्यावर, २२ गाड्या नाकाला शेपूट लावून एका टोकाला उभ्या केल्या. तारेचा तो तुकडा जेमतेम चार गाड्यांच्या हिशेबाने घातलेला. पॉवर हाऊसला निरोप होता, काय वाटेल ते होवो, दाब सोडायचा नाही. खूण झाली. पहिली गाडी सरकली, दुसरी, तिसरी. गाड्यांमधले दिवे विझतात की काय इतके मंदावले. ५०० व्होल्टच्या आसपासचा दाब २०० पर्यंत आला. पण एकही गाडी अडली नाही. पुढच्या गाड्या लांब जाऊन वेगात आल्या तशी त्यांची भूक कमी झाली, दिवे पुन्हा उजळले आणि २२ गाड्यांची रांग नजरेआड गेली.

व्हिटनीने केबलचा बेत सोडला. बॉस्टनने विजेची ट्राम घेतली आणि मग रांगच लागली. १८८९ संपेपर्यंत स्प्रेगची यंत्रं वापरणाऱ्या शंभराहून जास्त ट्रामकंपन्या उभ्या राहिल्या होत्या किंवा ठरल्या होत्या. १८९५ मध्ये मद्रासला भारतातली पहिली विजेची ट्राम धावली.

ट्रामवाला लाइटवाला कसा झाला

आता भाचीच्या प्रश्नाकडे येऊ. ट्राम चालवायची तर गावात पॉवर हाऊस लागणारच. ते कुणी विकत देत नव्हतं, स्वतःच बांधावं लागे. बॉयलर, इंजिन, डायनॅमो, सगळा खर्च आधीच. मंगल कार्यालयवाल्याचा धंदा बघा. हॉल मुहूर्ताच्या गर्दीच्या मापाने बांधायचा आणि बिगर-मुहूर्ताला तो ओस. मग तो काय करतो? साडीचा सेल लावतो, योगाचा वर्ग भरवतो. भिंती तशाही उभ्याच आहेत, मिळेल ते भाडं आपलं.

पॉवर हाऊसचं तेच. वीज साठवून ठेवता येत नव्हती, लागेल तेव्हाच बनवायची. ट्रामला ती सकाळी आणि कामावरून सुटताना लागते. दिव्यांना अंधार पडल्यावर. दुपारी गिरण्या-कारखान्यांना. तीन गिऱ्हाइकं तीन वेळांची, यंत्र एकच. नुसते दिवे विकणाऱ्याचं यंत्र दिवसभर रिकामं बसायचं, नुसती ट्राम चालवणाऱ्याचं रात्री. दोघं एक झाले की युनिट स्वस्त पडायचं. त्यात ट्रामवाल्याकडे रस्त्यात खांब रोवायचा परवाना आधीपासून असायचाच.

मग त्याचं लक्ष जमिनीकडे गेलं. घोड्याच्या ट्रामने माणूस चालण्यापेक्षा फार लांब राहू शकत नव्हता. विजेच्या ट्रामने गावाबाहेरची शेतं पाच सेंटच्या तिकिटाच्या टप्प्यात आली. रिचमंडच्या उत्तरेला लुईस गिंटर या तंबाखूच्या धनिकाने जमिनी घेऊन वस्ती वसवली, ती ट्रामच्या भरवशावर. रविवारी कचेऱ्या बंद, गाड्या रिकाम्या, म्हणून ट्रामच्या शेवटच्या टोकाला करमणुकीची बाग. रिचमंडचा फॉरेस्ट हिल पार्क हा त्यातलाच. पाळणे आणि झुले चालवायला वीज घरचीच.

रिचमंडची मूळ कंपनी इतर कंपन्यांत मिसळत गेली. त्यांची नावं ओळीने वाचली तरी सगळी गोष्ट कळते. आधी 'युनियन पॅसेंजर रेल्वे'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'व्हर्जिनिया पॅसेंजर अँड पॉवर'. १९०९ मध्ये 'व्हर्जिनिया रेल्वे अँड पॉवर'. १९२५ मध्ये 'व्हर्जिनिया इलेक्ट्रिक अँड पॉवर'. पॅसेंजर गळाला, रेल्वे गळाली, वीज उरली.

सगळ्यांचीच सोय झाली का?

तशी सगळ्यांची नाही झाली, आणि हे सांगितल्याशिवाय रिचमंडच्या ट्रामची गोष्ट पुरी होत नाही. १९०४ मध्ये व्हर्जिनियाच्या कायद्याने ट्रामकंपन्यांना गोऱ्या आणि काळ्या उतारूंना वेगळं बसवायची मुभा दिली. सक्ती नव्हती, मुभा होती. रिचमंडच्या कंपनीने ती उचलली. कुणी कुठे बसायचं हे कंडक्टर ठरवणार, आणि त्याच्या हाती पोलिसाचे अधिकार.

काळ्या समाजाने ट्रामवर बहिष्कार टाकला. 'रिचमंड प्लॅनेट' या वृत्तपत्राचे संपादक जॉन मिचेल आणि आदल्याच वर्षी स्वतःची बँक काढणाऱ्या मॅगी वॉकर यांनी तो उचलून धरला. माणसं महिनोन् महिने पायी कामावर गेली. आधीच कर्जात असलेली कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली. पण १९०६ मध्ये विधिमंडळाने वेगळं बसवणं राज्यभर सक्तीचं केलं आणि ती पायपीट कायद्यापुढे हरली. माँटगोमेरीच्या प्रसिद्ध बस बहिष्काराच्या पन्नास वर्षं आधीची ही हकिकत.

धूर फक्त दुसरीकडे गेला, नाही का?

विजेवरच्या गाड्यांबद्दल आज घेतला जातो तो आक्षेप तेव्हाही लागू होता. पॉवर हाऊस कोळसाच जाळत होतं. फरक एवढाच की रस्त्यातलं शेण गेलं आणि धूर एका धुराड्याशी गोळा झाला.

खरी भांडणं वेगळीच झाली. रुळांतून परत जाणारी सगळी वीज रुळांतच राहते असं नाही. थोडी जमिनीत उतरते आणि सोपी वाट म्हणून पाण्याचे लोखंडी पाइप पकडते. जिथून ती पाइप सोडते, तिथे पाइप कुरतडला जातो. पाणीखाती हैराण झाली. टेलिफोनवाले तर कोर्टात गेले. त्यांचीही परतीची वाट तेव्हा जमीनच होती, त्यामुळे ट्राम सुटली की फोनमध्ये गुणगुण. बहुतेक निकाल ट्रामच्या बाजूने लागले आणि फोनवाल्यांना गुपचूप दुसरी तार टाकावी लागली.

मग ट्राम मेली कशाने?

"मोटार कंपन्यांनी कारस्थान केलं" हे उत्तर अमेरिकेत फार लाडकं आहे. त्यात तथ्य नाही असं नाही. शहरी बससेवा विकत घेणाऱ्या एका साखळीला बस आणि सामान फक्त आपलंच विकता यावं म्हणून संगनमत केल्याबद्दल जनरल मोटर्ससह काही कंपन्यांना १९४९ मध्ये शिकागोच्या कोर्टाने दोषी ठरवलं, दंड मात्र किरकोळ केला. पण माझ्या मते ट्राम त्याआधीच आजारी होती. तिकीट परवान्यात पाच सेंटला बांधलेलं. पहिल्या महायुद्धात पगार आणि पोलाद महागलं, तिकीट कित्येक ठिकाणी तिथेच. रुळांच्या दोन्ही बाजूंचा रस्ता दुरुस्त ठेवणंही ट्रामकंपनीच्याच गळ्यात, आणि त्या गुळगुळीत रस्त्यावरून फुकटात धावायची मोटार. १९३५ च्या केंद्रीय कायद्याने मोठ्या वीजकंपन्यांची जाळी तोडायला घेतली आणि ट्राम विजेपासून सुटी व्हायला लागली. विजेच्या नफ्याचा टेकू गेल्यावर नवे रूळ घालणार कोण? रिचमंडची शेवटची ट्राम नोव्हेंबर १९४९ मध्ये धावली. गाड्या नंतर जाळल्या. वीजकंपनी मात्र आजही आहे, डोमिनियन एनर्जी या नावाने, आणि बिलं पाठवते.

मुंबईत क्रम थोडा वेगळा लागला. १९०५ मध्ये 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' कंपनीने घोड्यांच्या ट्राम ताब्यात घेतल्या, वाडीबंदरला पॉवर हाऊस उभारलं आणि ७ मे १९०७ ला विजेची ट्राम सोडली. मंगल कार्यालयाचं गणित तेच. १९२६ मध्ये बस आली. ७ ऑगस्ट १९४७ ला कंपनी महापालिकेकडे गेली तेव्हा नावातल्या 'ट्रामवेज'च्या जागी 'ट्रान्सपोर्ट' आलं, त्यामुळे 'टी' वाचला आणि आद्याक्षरं तीच राहिली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली. पुढे कित्येक वर्षं विजेचा नफा बसच्या तोट्यात ओतला जायचा. गंमत अशी की डिझेलच्या बसला पॉवर हाऊसची गरजच नव्हती, जोडी जमवणारं कारण ट्रामबरोबरच गेलं होतं. आता बॅटरीच्या बस आल्यात, त्या रात्री डेपोत चार्जिंगला लागतात.

भाचीला हे सगळं सांगून झालं तेव्हा तिने एकच विचारलं, "मग ट्रामचं काही उरलंय का इथे?" काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीसाठी खणताना डांबराखाली ट्रामचे रूळ निघाले होते. तिला मोबाइलवर त्यांचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "ही परत जाणारी वायर ना?"